चिकाची वेल

आमची खोली कतारगामात एका खात्याच्या, म्हणजे मागांच्या कारखान्याच्या, माथ्यावर होती. खाली यंत्रमाग, ज्यांना सुरतेत सगळे संचेच म्हणतात, आणि वर जिना चढून गेलं की एका ओळीत भाड्याच्या खोल्या. संचे चालू असले की आमच्या फरशीला बारीक थरथर सुटायची. माठातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि आम्ही सगळे, काही कारण नसताना, वरच्या पट्टीत बोलायचो. आजही माझा नवरा म्हणतो, तू फोनवर बोललीस की फोनची गरजच नाही. त्याला काय सांगणार, माझा आवाज त्या खोलीत घडलेला आहे. संचे बंद पडले की उलट बेचैन व्हायचं. अचानक शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू यायचा, भांडी ऐकू यायची, आणि आपलंही सगळं त्यांना ऐकू जात असेल हे लक्षात यायचं. माझी माय अशा वेळी दार लोटून घ्यायची.

माय संशयी होती. दूधवाल्याचं दूध ती बोटावरून ओघळून पाहायची. वाण्याकडून आलेली पुडी उघडायच्या आधी हातात तोलायची. शेजारची जशुबेन वाटीभर बेसन मागायला आली, तर माय बेसन द्यायची आणि ती गेल्यावर मला विचारायची, "ती वर फळीकडे का पाहत होती?" आम्ही अमळनेरकडून सुरतेला आलो तेव्हा स्टेशनावर भेटलेल्या एका ओळखीच्या माणसानं आमची भांड्यांची गोणी सांभाळतो म्हणून घेतली, आणि तो माणूस पुन्हा दिसला नाही. मी तेव्हा कडेवर होते. अण्णा ती गोष्ट हसत सांगायचे. माय कधी हसली नाही. तिचं म्हणणं होतं की तेव्हापासून सुरतेनं तिला एकदाही खोटं पाडलेलं नाही. ती घरात आणि बाहेरही अहिराणीच बोलायची. तिची मोजकीच वाक्यं मी तिच्या बोलीत लिहिते, बाकीची साध्या मराठीत, कारण माझा हातच आता तसा वळत नाही.

घरात आम्ही चार माणसं. अण्णा संच्यांवर, कान अर्धे गेलेले. मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचे, तो इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे. तिकडेच राहायचा, सुट्टीला घरी यायचा. मी दहावी झाल्यावर घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं काम करत होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. आणि भुरी मांजर. शहरात प्लेगची साथ येऊन गेल्यावर उंदराच्या नावानंही लोक दचकत होते, त्या दिवसांत मायनं स्वतःहून ते पिल्लू आणलं होतं. पुढे ती अण्णांची झाली. ते पाळीवरून येऊन जेवायला बसले की ती त्यांच्या मांडीला पाठ घासायची, आणि दुधात कुस्करलेला भाकरीचा पहिला घास तिचा असायचा.

आणि एक मनीप्लांट होतं. ते झाड चोरून आणलं तरच फळतं, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. जगावर चोरीचा आळ घेणाऱ्या माझ्या मायनं पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीवरून एक फांदी भर दिवसा खुडून पदराखाली आणली होती. औषधाच्या बाटलीत खिडकीशी ठेवलेली ती फांदी सुतळीच्या आधारानं भिंतीवरून सरकत सरकत देवांच्या फळीपर्यंत पोचली. त्याच सुमाराला दादाला काम लागलं. त्यामुळे ते झाड आमच्याकडे झाड नव्हतं, घरातलं वडीलधारं माणूस होतं.

दादानं लग्न स्वतः ठरवलं. मुलगी आपल्यातली होती, पण यवतमाळकडची, आणि जन्म सगळा सुरतेत गेलेला. आई नाही. वडील अठवा लाईन्सच्या एका बंगल्यावर चौकीदार, बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणारे. उज्ज्वला नाव. मायनं लग्नाला नाही म्हटलं नाही, पण होही म्हटलं नाही. लग्नात ती सगळं करत होती आणि सगळ्यांकडे बघत होती.

वहिनी घरात आली तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात वनस्पती तुपाचा एक जुना डबा. डब्याच्या तीन बाजूंना तारा बांधलेल्या, आणि काठावरून एक वेल खाली लोंबत होती. पानं जाड, गुळगुळीत, मेण लावल्यासारखी चकचकीत. दारातून आत येताना एक फांदी चौकटीला घासून तुटली आणि तिच्या टोकातून पांढरा टपोरा थेंब उंबऱ्यावर पडला. माप ओलांडायच्या आधी. मायनं तो थेंब पाहिला, मी मायला पाहिलं. तिनं पायानं तो पुसून टाकला. रात्रीची जेवणं उरकल्यावर मला मोरीशी बोलावून म्हणाली, "त्या येलमा चीक शे."

ज्या झाडाला चीक, ते झाड विषारी, हे आम्हाला गावाकडून माहीत होतं. रुईचा चीक डोळ्यांत गेला की काय होतं, थोर-निवडुंगाच्या चिकानं कातडी कशी उठते, कण्हेरीची मुळी कशासाठी उगाळतात, हे आमच्याकडच्या बायका लहान पोरींसमोर बोलायच्या नाहीत, पण पोरींना कळायचंच. आणि ही बाई असलं झाड नव्या घरात घेऊन आली होती, भांडी नाही, गादी नाही, झाड. मायनं दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं. वहिनी हसली. म्हणाली, "आत्याबाई, काही होत नाही. बंगल्यातल्या बाईंकडे कुत्री आहेत. ती दिसेल ते चावतात. म्हणून बाई अशाच वेली लावतात ज्यांनी जनावराला काही होणार नाही. त्यांनी आईला एक फांदी दिली होती. आई गेल्यावर मी सांभाळते."

"कुत्रं चावताना कोन्ही देखं का?" माय म्हणाली.

"मी पाहिलंय."

"तू सांगी ऱ्हायनी म्हणून मी मानू?"

वहिनी भांडी घासायला बसली. तिची ती सवयच होती. जेवढं सांगायचं तेवढं सांगायची आणि मग कामाला लागायची. मायला त्याचाही संशय. जो भांडत नाही तो काहीतरी राखून ठेवतो, असं तिचं मत.

वहिनीनं डबा खिडकीच्या आतल्या बाजूला टांगला, जिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि दुपारचं रणरणतं यायचं नाही. खिळ्याला चिंधी गुंडाळली, म्हणजे संच्यांच्या थरथरीनं डबा वाजू नये. पाणी द्यायची तिची तऱ्हा निराळी होती. आम्ही तुळशीला रोज तांब्या ओततो, तशी नाही. ती आधी बोट मातीत खुपसायची, पेरभर आत, आणि ओल लागली की पाणी न देताच बोट पुसायची. कधी कधी चार-पाच दिवस थेंब द्यायची नाही. मग एकदा दिलं की डब्याच्या तळाच्या भोकांतून पाणी गळेपर्यंत द्यायची. खालून उडणारी सुताची भुकटी पानांवर बसायची, तर ती ओल्या फडक्यानं एकेक पान दोन बोटांत धरून पुसायची. हे काम खातं बंद असेल त्या दिवशी करायची, कारण त्या दिवशी भुकटी लगेच परत बसत नसे. खातं अमावास्येला बंद असे. मायनं हिशेब जुळवायला वेळ लावला नाही. अमावास्येला नवी सून चिकाच्या झाडाची पानं पुसते.

तिनं मला लक्ष ठेवायला सांगितलं. मी दिवसभर साड्यांचा गठ्ठा घेऊन त्याच खोलीत बसलेली असायचे, त्यामुळे वेगळं काही करायची गरज नव्हती. मी पाहायचे आणि मायनं विचारलं की सांगायचे. आज पाणी दिलं. आज नाही दिलं. आज खिडकीशी उभी राहून वेलीचं टोक हातात घेतलं होतं. खरं सांगायचं तर पाहता पाहता मलाच ती वेल आवडायला लागली होती, पण ते मायला सांगण्यासारखं नव्हतं.

एकदा वहिनी खाली नळावर गेली असताना मायनं डबा उतरवला आणि चमच्याच्या दांड्यानं माती उकरली. मातीत मातीच कमी होती. कोळशाचे तुकडे निघाले, फुटक्या विटेचा चुरा निघाला आणि काळपट तपकिरी केसांचे झुपके निघाले. माय मागे सरली. मी जवळ जाऊन पाहिलं तर ती नारळाची शेंडी होती. मी तसं म्हणाले. पण कोळसा, वीट आणि केसांसारखी शेंडी एकाच डब्यात का, असं मायनं विचारलं. वहिनी वर आली, उकरलेली माती पाहिली, आणि आम्ही दोघी तिच्याकडे पाहतोय हेही पाहिलं. तिनं गुडघ्यावर बसून माती सारखी केली. म्हणाली, "हिच्या मुळांना हवा लागते. नुसत्या मातीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून हे घालायचं." तिचा आवाज साधा होता, पण हात जोरात माती दाबत होते.

जेवणातही तेच चाललं होतं. वहिनी वरणात गुळाचा खडा टाकायची, सुरतेची सवय. माय ते वरण अण्णांना वाढायची आणि स्वतः ठेचा-भाकरी खायची. एकदा वहिनीनं अळूची पानं आणली. ती चमकोरा म्हणायची, बाजारातली बाई पात्राची पानं म्हणायची, आम्ही अळू. तिनं पीठ चिंचेच्या कोळात कालवून वड्या इतक्या सुंदर केल्या की अण्णांनी दोनदा मागून घेतल्या. माय म्हणाली, "चिंच कमी पडती तर घसा धरता." वहिनी म्हणाली, "पण पडली नाही ना कमी." त्या घरात तिनं उलट दिलेलं ते पहिलं उत्तर. मी मान खाली घालून घास गिळला.

पावसाळा संपता संपता वेलीला एक लांबच लांब काडी फुटली. पान नाही, फूल नाही, नुसता दोरा, आणि तो रोज पुढे सरकत होता, नेमका माय जिथे झोपायची त्या कोपऱ्याकडे. माय म्हणाली, कापून टाक. वहिनी म्हणाली, ती कापायची नसते, पानं मागाहून येतात. मग माय म्हणाली, निदान वर टांग, डोक्याला लागते. वहिनीनं डबा छताजवळच्या हुकाला नेला आणि लोंबणाऱ्या सगळ्या फांद्या वर गुंडाळून घेतल्या. आता हे मी थांबून लिहिते, कारण पुढचं सगळं यातून घडलं आणि तेव्हा ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. भुरी त्या फांद्यांशी रोज खेळायची. मागच्या पायांवर उभी राहून पंजानं त्या ओढायची, पानं चावायची. तिच्या हाताला लागणारी ती वेल आम्ही काढून घेतली, आणि ती खिडकीतल्या दुसऱ्या वेलीकडे वळली.

एका सकाळी भुरी खाटेखाली दबून बसलेली सापडली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पंजानं ती सारखं तोंड घासत होती, जीभ बाहेर काढत होती. दुधाची वाटी पुढे केली तर वास घेऊन मागे सरली. अण्णा नुकतेच पाळीवरून आले होते. ते खाटेसमोर फरशीवर बसून "भुरी, भुरी" करत राहिले. जशुबेन दारात आली, तिनं लाळ पाहिली आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "आने बहार काढो. पाछुं कंई फेलाशे." हिला बाहेर काढा, पुन्हा काही पसरेल. साथीची आठवण अजून सगळ्यांच्या अंगात होती.

पण माय रोगाचं मानायला तयार नव्हती. ती छताकडे पाहत होती. सगळ्यांच्या देखत तिनं स्टुलावर चढून डबा काढला आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाली, "आज मांजरनं व्हयनं, उद्या आपलं व्हई."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. तरी ती म्हणाली, "आधी मांजरीचं बघू. जनावरांच्या दवाखान्यात नेते मी. छाया, तू चल बरोबर."

"मांजर कोठेच जावाव नही," माय म्हणाली. पुढचं तिनं अण्णांकडे पाहून सांगितलं, की ही बाहेर नेऊन तिला कुठेतरी टाकून देईल आणि येऊन सांगेल की बरी होऊन पळाली.

मी वहिनीकडे पाहायचं टाळलं. मला तेव्हा वहिनीपेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटत होती. काही दिवसांपूर्वी नंदुरबारचं एक स्थळ मला बघून गेलं होतं. मीही उद्या अशीच कुणाच्या तरी खोलीत उभी असेन आणि कुणीतरी माझ्याकडून काहीतरी काढून घेऊन पायरीवर ठेवेल, एवढंच मनात येत होतं. वहिनी रडली नाही. तिनं ओला कपडा घेतला, भुरीला मांडीत दाबून धरलं आणि तिचं तोंड आतून पुसलं, बोटानं, ओरबाडे सोसत. मग थंड ताकात बोट बुडवून तिच्या जिभेवर ठेवलं. माय ते बारकाईनं पाहत होती. ताक तिनं स्वतःच्या हातानं गडव्यातून ओतून दिलं होतं, वहिनीला गडव्याला हात लावू दिला नव्हता.

अण्णांना भांडण झेपत नसे. ऐकू कमी येतं याचा ते फायदा घ्यायचे. पण त्या दिवशी मायनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि त्यांनी मान हलवली. उद्या दुपारी वहिनीच्या वडिलांना बोलवायचं. जशुबेनच्या मुलाबरोबर निरोप गेला. दादाला कळवायला वेळच नव्हता. वहिनीनं सगळं ऐकलं आणि भाकऱ्या थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीची लाळ थांबली होती. तिनं थोडं ताक चाटलं. मी खिडकीशी सुई ओवायला उभी राहिले तर मनीप्लांटच्या एका पानाचा अर्धा भाग नव्हता. उरलेल्या अर्ध्यावर बारीक बारीक भोकं होती, ताजी, कडा अजून ओल्या. मी मायला दाखवलं. तिनं पान उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तिनीच कुरतडं व्हई." आळ टाळायला वहिनीनंच दातांनी कुरतडून ठेवलं असेल. मग मी जिन्यावर जाऊन वेलीच्या गुंडाळलेल्या फांद्या सोडल्या. त्यांच्या पानांवरही तशीच भोकं होती, पण जुनी, भरून आलेली, कडेला चीक वाळून पांढरा डाग पडलेली. मी तेही सांगितलं. "ही जुनी आहेत, माय. भुरी ही पानं कधीपासून खातेय."  माय पायरीपर्यंत आली, वाकून बघितलं आणि आत गेली.

दुपारी अण्णा झोपले होते. वहिनी खाली नळावर कपडे धूत होती. मी दोरीवर वाळत टाकलेल्या साड्यांच्या आड भुरीजवळ आडवी झाले होते, आणि मी तिथे आहे हे मायच्या लक्षात नसावं. ती बाहेर गेली आणि वेलीचं एक पान घेऊन आली. देठाला पांढरा थेंब आला होता. देवांच्या फळीसमोर ती बसली. बराच वेळ पान हातात धरून बसली होती. मग तिनं तो थेंब जिभेवर घेतला. मी उठायला पाहिजे होतं, ओरडायला पाहिजे होतं, पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझे हातपाय हलले नाहीत. ज्याला ती मनापासून विष समजत होती ते तिनं तोंडात घातलं होतं. थोड्या वेळानं तिनं ते पानही चावलं, सावकाश, पालेभाजी पारखावी तसं, आणि भिंतीला टेकून वाट पाहत राहिली. काही झालं नाही. तिनं चोथा हातावर थुंकला, त्याच्याकडे पाहिलं. मग उठून खिडकीशी गेली आणि मनीप्लांटचं पान तोडून त्याचा एक घास घेतला.

पुढचं फार लवकर झालं. तिनं तोंड उघडलं, हातानं गळा धरला आणि मोरीकडे धावली. मी साड्या बाजूला सारून पोचले तर ती चूळ भरत होती आणि तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, काल भुरीची ओघळत होती तशीच. "माय, काय होतंय?" तिनं बोलायचा प्रयत्न केला, पण जीभ वळेना. शेवटी एक शब्द कसाबसा बाहेर पडला. "अयू." अळू, असं म्हणायचं होतं तिला. कच्च्या अळूनं घसा धरतो तसं, त्याच्या शंभरपट. जन्मभर अळू चिरलेल्या बाईला चवीवरून जात कळली होती. माझी मुलगी आता मोबाईलवर वाचून दाखवते, की मनीप्लांट अळूच्याच कुळातलं आहे, मांजरा-कुत्र्यांनी चावलं की तोंडाची आग होते, आणि ती मेणाच्या पानांची वेल मात्र त्यांना बाधत नाही. मायनं हे सगळं त्या दुपारी एका घासात वाचलं होतं.

वहिनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली. मायचं सुजलेलं तोंड आणि देवांसमोर पडलेलं वेलीचं चावलेलं पान तिला एकदमच दिसलं. तिच्या हातातून बादली सुटली. "आत्याबाई, वेलीचं पान खाल्लंत?" त्या प्रश्नात जी भीती होती ती मी विसरलेले नाही. तिचाही स्वतःच्या वेलीवरचा विश्वास त्या क्षणी डळमळला होता. मायनं होकाराची मान हलवली, पण बोट भिंतीकडे दाखवलं, मनीप्लांटकडे. वहिनी पाहत राहिली. मग तिनं चिंच भिजत घातली, ताक आणलं, आणि मायला घोट घोट पाजलं. या वेळी गडवा तिच्याच हातात होता.

थोड्याच वेळात वहिनीचे वडील आले. अंगात चौकीदाराचा खाकी शर्ट. या काकांना मी लग्नात पाहिलं होतं, त्यापेक्षा ते लहान दिसत होते. दाराशी चपला काढून ते कडेला बसले आणि टोपी दोन्ही हातांनी फिरवत राहिले. अण्णा उठून बसले होते, त्यांना मधलं काहीच माहीत नव्हतं. ते मायकडे पाहत होते की आता तू बोल. मायला बोलता येत नव्हतं. पदर तोंडाला लावून ती भिंतीशी बसली होती. खालच्या संच्यांचा आवाज तेवढा येत होता.

"काय झालं, बाई?" काकांनी मुलीला विचारलं.

वहिनी म्हणाली, "मांजर आजारी पडली होती, बाबा. माझ्या वेलीनं पडली म्हणून माझ्यावर आळ आला. आता उतरला. आत्याबाईंनी स्वतः पान खाऊन पाहिलं."

"मग बरं झालं," काका म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "मग मी निघू?"

"मी येते तुमच्याबरोबर," वहिनी म्हणाली. "आळ उतरला, पण घातला होता, हे राहतंच."

तिनं पिशवीत दोन लुगडी भरली. अण्णांच्या पाया पडली, मायच्याही पडली. डबा पायरीवरून आणून परत खिडकीशी, आधीच्या खिळ्याला टांगला आणि मला म्हणाली, "उन्हात ठेवू नका. बाकी तिला काही लागत नाही." आणि वडिलांच्या मागोमाग जिना उतरून गेली.

दादा सुट्टीला आला तेव्हा घरात जेवणाचं ताट वाजलं नाही, इतकी शांतता. तो सरळ अठवा लाईन्सला गेला आणि एकटाच परत आला. वहिनी त्याला म्हणाली होती, "तुमच्यावर माझा राग नाही. पण तुम्ही न्यायला येऊन काय उपयोग? तुम्ही तर तिकडे असता." मग तोही इच्छापोरला निघून गेला. मायनं मनीप्लांट भिंतीवरून सोडवून, गुंडाळून जशुबेनला देऊन टाकलं. जशुबेननं ते आनंदानं घेतलं आणि माय मला म्हणाली, तिच्याकडे मांजर नाही ना, पक्कं माहीत आहे ना तुला.

आणि ती वेलीची काळजी घ्यायला लागली. रोज सकाळी देवाला पाणी घातलं की वेलीला. पानं पुसायची, माती दाबायची. आपल्यावर कुणी नजर ठेवून आहे असं वाटावं इतकी मनापासून करायची. काही दिवसांनी खालची पानं पिवळी पडायला लागली, मऊ पडून देठापाशी गळायला लागली. मायनं पाणी वाढवलं. आणखी पिवळी पडली. ती वेलीसमोर उभी राहून मला विचारायची, "हाई अशी काब्र करी ऱ्हायनी?" मला माहीत असतं तर सांगितलं असतं. मला वाटतं तिच्या मनात वेगळीच भीती होती. लोक काय म्हणतील याची नाही. मांजर वाचली, आणि ही वेल आपल्या हातून गेली, तर त्या मुलीला काय तोंड दाखवायचं, याची.

एक दिवस तिनं नवं लुगडं नेसलं, मला चपला घाल म्हणाली आणि आम्ही बसनं अठवा लाईन्सला गेलो. बंगल्याच्या मागच्या अंगणात जाळीच्या मांडवाला वेलींचे डबे टांगले होते, आमच्यासारखेच आणि दुसरेही. एक म्हातारा कुत्रा त्यांच्याखाली झोपला होता. वहिनी तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उभी राहिली, पण पुढे आली नाही. मायनं तिला बस म्हटलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. पदराची गाठ सोडून तिनं एक पिवळं पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"पाने पिवया पडी ऱ्हायनात. पानी कमी पडी ऱ्हायनं का जास्त व्हई ऱ्हायनं, माले समजत नही. तू सांग."

माझ्या आठवणीत मायनं कुणाला असं काही विचारलेलं नव्हतं. विचारायचं म्हणजे समोरचा सांगेल ते मानावं लागतं.

वहिनीनं पान घेतलं, बोटांत दाबून पाहिलं. "रोज पाणी घालता?"

"रोज."

"जास्त झालंय. मुळं गुदमरली असतील. आता माती पूर्ण वाळेपर्यंत थेंब घालू नका. हातच लावू नका."

माय थोडा वेळ कुत्र्याकडे पाहत राहिली. मग, हे आपल्याच्यानं होणार नाही असं कबूल करत म्हणाली, "हात न लावता ऱ्हावानं मनाघाई व्हत नही. तू चाल."

वहिनी हसली नाही. तिनं पुन्हा खाली बसून तांदळाचं सूप जवळ ओढलं, एक-दोन खडे वेचले. आम्ही उभ्याच होतो. मला वाटलं, आता आम्ही दोघीच परत जाणार. आणि तसंच झालं. पण निघताना ती मान वर करून म्हणाली, "रविवारी येते. तोवर तुम्हीच सांभाळा."

बसमध्ये माय खिडकीतून बाहेर बघत बसली. घरी आल्यावर तिनं तांब्या वेलीपासून लांब, मोरीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी उभी राहिली, हात मागे बांधून, आणि परत फिरली. तिसऱ्या दिवशीही तसंच. रविवारपर्यंत तिनं त्या डब्याला बोट लावलं नाही. मी पाहत होते.